क्ष-किरणाच्या चिठ्ठीतले रिकामे रकाने



गावातले कुणी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आले, की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "फोटो काढला का?" फोटो म्हणजे अर्थातच क्ष-किरणांनी घेतलेले शरीराच्या आतले चित्र. आता त्याच्या जोडीला सोनोग्राफी आली, सीटी स्कॅन आला, एमआरआय आला. हे शब्द आज पारावरसुद्धा ऐकू येतात. कोणत्या गावी कोणते यंत्र आहे, त्याला किती पैसे पडतात, रिपोर्ट किती दिवसांनी मिळतो, याची सगळी माहिती लोकांना असते. पण त्या यंत्रापाशी पोचण्याआधी डॉक्टर आपल्या हातात एक लहानसा कागद देतात. तो कागद घडी घालून खिशात जातो, खिडकीवर दिला जातो, आणि विसरला जातो. त्या कागदाविषयी मला आज चार शब्द सांगायचे आहेत.

हा कागद म्हणजे तपासणीची चिठ्ठी. तिच्यावर छापील रकाने असतात. रोग्याचे नाव, वय, स्त्री की पुरुष, केसपेपरचा नंबर, कोणत्या भागाची कोणती तपासणी हवी, डावी बाजू की उजवी, काय त्रास आहे, किती दिवसांपासून आहे, डॉक्टरांना कशाची शंका आहे, पूर्वी काही शस्त्रक्रिया झाली आहे काय, बाई असल्यास गरोदर आहे काय, आधीचा फोटो आहे काय, आणि शेवटी डॉक्टरांचे नाव, सही, तारीख व फोन नंबर. एवढे रकाने असतात खरे. पण पुष्कळ चिठ्ठ्यांवर लिहिलेले असते फक्त नाव, आणि खाली दोन शब्द, "छातीचा फोटो". बाकी कागद कोरा!

आता कुणी म्हणेल, "मास्तर, यात बिघडलं काय? फोटो तर यंत्र काढतं. कागदावर चार अक्षरं कमी असली म्हणून यंत्राला काय कळतंय?" प्रश्न रास्त आहे. मी काही डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. पण हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे, तितकाच तर्काचाही आहे. कारण ही चिठ्ठी म्हणजे एका डॉक्टराने दुसऱ्या डॉक्टराला विचारलेला प्रश्न आहे, आणि प्रश्न अर्धा विचारला तर उत्तर पुरे मिळत नाही.

मुळात हे किरण काय आहेत ते आधी थोडक्यात पाहू. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग शहरी विल्हेल्म रोंटगेन या शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी ते प्रथम आढळले. त्यांचे स्वरूप तेव्हा अज्ञात होते, म्हणून बीजगणितात अज्ञात संख्येला जे अक्षर आपण देतो तेच त्यांना मिळाले. मराठीत ते झाले क्ष-किरण. त्याच वर्षी डिसेंबरात रोंटगेनने आपल्या पत्नीच्या पंजाचे चित्र घेतले. त्यात हाडे दिसली आणि बोटातली अंगठीही दिसली. भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला १९०१ साली मिळाले ते याच शोधाबद्दल.

पण लक्षात घ्या, साधा क्ष-किरण फोटो म्हणजे शेवटी सावली. भिंतीवर हाताची सावली पाडून आपण हरिण करतो, ससा करतो. सावलीवरून मागे हात आहे की हरिण, हे नुसते पाहून सांगता येत नाही. शरीराच्या पुढचे, मधले, मागचे सारे भाग त्या एका सावलीत एकमेकांवर पडलेले असतात. हाड पांढरे दिसते, हवा काळी दिसते, आणि मधल्या साऱ्या छटा करड्या. १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, तेव्हापासून शरीराचे थरावर थर वेगळे करून पाहता येऊ लागले. तरीही चित्र ते चित्रच. त्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो. हा अर्थ लावणारा तज्ज्ञ म्हणजे रेडिओलॉजिस्ट. आणि चिठ्ठी लिहिलेली असते ती त्याच्यासाठी.

या तज्ज्ञाची आणि रोग्याची पुष्कळदा गाठही पडत नाही. फोटो तंत्रज्ञ काढतो, तज्ज्ञ दुसऱ्या खोलीत बसून तो वाचतो. आता तर अनेक ठिकाणी तालुक्याला काढलेले चित्र तारेवरून दूरच्या शहरी जाते आणि तिथला तज्ज्ञ रिपोर्ट लिहून परत धाडतो. त्याने रोग्याची चाल पाहिलेली नसते, पोटाला हात लावलेला नसतो, तो कण्हताना ऐकलेला नसतो. त्याच्यापाशी दोनच गोष्टी असतात, चित्र आणि चिठ्ठी. चिठ्ठी कोरी असली तर एकच उरते.

यातून काय होते, ते आपण एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट, कोणता भाग. आपल्या मराठीत "हात" हा शब्द मोठा ऐसपैस आहे. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा हातच. "पाय" म्हटले की कमरेपासून अंगठ्यापर्यंत सगळा पाय. घरात बोलायला हे ठीक आहे; पण चिठ्ठीवर "हाताचा फोटो" एवढेच असेल तर तंत्रज्ञाने कोपराचा काढायचा, मनगटाचा काढायचा, की पंजाचा? समजा, एक मुलगा खेळताना हात टेकून पडला आणि मनगटापाशी अंगठ्याच्या बाजूला दुखते आहे. त्या ठिकाणी होडीच्या आकाराचे एक लहानसे हाड असते. ते मोडले तर साध्या फोटोत सहज दिसत नाही. त्यासाठी वेगळ्या कोनातून फोटो घ्यावे लागतात, आणि कित्येकदा पहिल्या दिवशी काहीच न दिसता दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढल्यावर दिसते. हे हाड दुर्लक्षित राहिले तर त्याचा रक्तपुरवठा तुटून ते जुळत नाही, आणि मनगट जन्माचे अधू होऊ शकते. चिठ्ठीवर "हात टेकून पडला, अंगठ्याच्या बाजूला दाबले तर दुखते" एवढी एक ओळ असली, की तंत्रज्ञ योग्य कोन घेतो आणि तज्ज्ञ योग्य जागी पाहतो. ती ओळ नसली, की रिपोर्ट येतो, "हाड मोडलेले नाही." आई म्हणते, "बघ, काही झालं नाही, उगीच रडतोस."

शिक्षक मित्रांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लहान मुलाला खुब्याच्या सांध्याचा विकार झाला, तरी ते मूल पुष्कळदा गुडघा दुखतो म्हणून सांगते. गुडघ्याचा फोटो निर्दोष येतो, आणि दुखणे खुब्यात वाढत राहते. मूल लंगडते काय, केव्हापासून लंगडते, हे चिठ्ठीवर आले तर वाचणारा खुब्याचाही विचार करतो. वयाचा रकाना तर मुलांच्या बाबतीत फारच मोलाचा. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात. ते फोटोत भेगेसारखे दिसतात. सात वर्षांच्या मुलाच्या हाडात ती वाढीची जागा असते. चाळीस वर्षांच्या माणसात तशीच रेघ दिसली तर ती मोडलेल्या हाडाची. रेघ एकच, पण वय कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

दुसरी गोष्ट, तपासणी कशी करायची. सीटी स्कॅन म्हटले की तो एकाच तऱ्हेने होतो असा आपला समज असतो. तसे नाही. काही वेळा शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. त्यामुळे रक्तवाहिन्या, गाठी, सूज या गोष्टी चित्रात पांढऱ्या उठून दिसतात. आता मुतखडाही चित्रात पांढराच दिसतो. मुतखडा शोधायचा असताना हे औषध दिले, तर मूत्रमार्गात उतरलेल्या औषधाच्या पांढऱ्यात लहानसा पांढरा खडा हरवून जाण्याची भीती. म्हणून खड्यासाठी औषधाविना स्कॅन करतात. गाठीचा संशय असला तर बहुधा औषध देऊन करतात. चिठ्ठीवर "पोटाचा सीटी" एवढेच असेल तर करणाऱ्याने काय समजावे?

पक्षाघाताचे उदाहरण याहून गंभीर आहे. माणसाचे तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर मेंदूत एक तर रक्ताची गुठळी अडकलेली असते किंवा शीर फुटून रक्तस्राव झालेला असतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात, पण उपचार अगदी उलटे. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रोग्याला दिले तर ते जिवावर बेतेल. शिवाय हे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा "सकाळी सहाला उठला तेव्हा ठीक होता, साडेसातला बोलता येईना" ही घरच्या माणसाने सांगितलेली वेळ चिठ्ठीवर असणे म्हणजे रोग्याला रांगेत पुढे घेण्याची सूचनाच. वेळ लिहिली नसेल तर तो इतर दहा रोग्यांबरोबर बाकावर वाट पाहत बसेल, आणि बाकावर बसून गेलेला तास पुन्हा मिळत नाही.

तिसरी गोष्ट, चित्राचा अर्थ. येथे तर्कशास्त्राचा संबंध येतो. पुरावा एकच असला, तरी आधी काय माहीत आहे यावर त्याचा अर्थ बदलतो. छातीच्या फोटोत वरच्या बाजूला डाग दिसला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, ताप आहे, वजन उतरले आहे, असे चिठ्ठीवर असेल तर तज्ज्ञ क्षयाची शंका घेईल आणि थुंकीची तपासणी सुचवील. पण "दहा वर्षांपूर्वी क्षय झाला होता, औषध पूर्ण घेतले, आता काही त्रास नाही" असे लिहिले असेल, तर तोच डाग जुन्या जखमेचा व्रण असण्याचा संभव अधिक. आणि "वीस वर्षे दगडखाणीत कामाला आहे" अशी ओळ असेल, तर दगडाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस हा विकार आधी मनात येईल; तो फोटोत कित्येकदा क्षयासारखाच भासतो. चिठ्ठी कोरी असेल तर यातले काय मानायचे? एका बाजूला नको असलेले सहा महिन्यांचे औषध, दुसऱ्या बाजूला घरातल्या लेकराबाळांना लागण करणारा न ओळखलेला रोग. आणि जुना फोटो शेजारी ठेवायला मिळाला, तर हाच गुंता पुष्कळदा पाच मिनिटांत सुटतो. दहा वर्षांत डाग बदलला नसेल तर तो बहुतेक जुनाच!

चौथी गोष्ट, रोग्याची सुरक्षितता. क्ष-किरणांची मात्रा मिलीसिव्हर्ट या मापात मोजतात. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून जगातल्या प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट इतके किरण निसर्गच देत असतो. छातीच्या एका फोटोची मात्रा साधारण ०.०२, म्हणजे अगदी नगण्य. पोटाच्या सीटी स्कॅनची मात्र ८ ते १० च्या घरात जाते. कारण असेल तेव्हा ती अवश्य घ्यावी, त्याने जीव वाचतात. पण गर्भाच्या बाबतीत जपावे लागते. म्हणून गरोदरपणाचा आणि शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना असतो. हाताचा किंवा छातीचा फोटो गरोदर बाईला गरज पडल्यास खबरदारी घेऊन काढता येतो, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ओटीपोटाच्या फोटोपूर्वी किंवा सीटीपूर्वी डॉक्टरांना ठाऊक असलेच पाहिजे. आमच्या भगिनी संकोचाने बोलत नाहीत, विचारणारा घाईत विचारत नाही, आणि रकाना कोरा राहतो. सोनोग्राफी व एमआरआय यांत मात्र क्ष-किरण नसतात, हेही सांगून ठेवतो.

एमआरआयची काळजी वेगळी. त्यात प्रचंड लोहचुंबक असतो. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्राची ओढ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते, आणि यंत्र काम करीत नसले तरी चुंबक चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनची लोखंडी टाकी त्या खोलीत नेली गेली आणि ती ओढली जाऊन एका तरुण माणसाचा प्राण गेला, हे आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. शरीराबाहेरच्या लोखंडाची ही कथा, मग आतल्याची काय? कुणाला हृदयाचा पेसमेकर असतो, कुणाच्या मेंदूतल्या शिरेला चिमटा लावलेला असतो, वेल्डिंग किंवा लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यात धातूचा बारीक कण रुतून राहिलेला असतो. आजकालची काही उपकरणे एमआरआयला चालतात, काही चालत नाहीत. कोणते आहे हे शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेल्या कार्डावरून कळते. तसेच शिरेतून द्यायच्या औषधाचे. मूत्रपिंड अधू असेल किंवा पूर्वी अशा औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, तर डॉक्टरांना आधी कळायला हवे.

पाचवी गोष्ट सर्वांत साधी, म्हणून सर्वांत जास्त सुटणारी. ती म्हणजे नाव आणि बाजू. एका गावात एकाच नावाआडनावाची तीन-चार माणसे सहज असतात. त्यांना वेगळे ओळखायचे वडिलांच्या नावाने, वयाने आणि केसपेपरच्या नंबराने. बायकांच्या बाबतीत आणखी घोटाळा. जुना फोटो माहेरच्या नावावर, नवा सासरच्या. आणि काही घरांत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलतात. मग दोन्ही फोटो एकाच बाईचे आहेत हे कळावे कसे? आणि डावे-उजवे तर विचारूच नका. टेबलावर लावलेल्या फोटोत रोग्याची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. म्हणून फोटो काढतानाच शिशाचे अक्षर ठेवून बाजूची खूण करतात. पण चिठ्ठीवरच बाजू लिहिली नसेल, किंवा चुकीची लिहिली असेल, तर ती चूक पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत चालत जाऊ शकते.

मग इतके महत्त्वाचे रकाने कोरे राहतात तरी का? येथे डॉक्टरांवर सगळा दोष टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी रांग दाराबाहेर गेलेली असते. तपासणारा एक, सांगणारा दुसरा, चिठ्ठी लिहिणारा शिकाऊ डॉक्टर तिसरा, असे पुष्कळदा घडते. ज्याने लिहिले त्याने रोगी पाहिलेला नसतो आणि ज्याने पाहिला त्याने लिहिलेले नसते. शिवाय लिहिणाऱ्याला वाटते, "फोटोत काय ते दिसेलच." कोरी चिठ्ठी दिली म्हणून आपल्याला परत कुणी विचारले, असा अनुभवही त्याला फारसा नसतो, कारण वाचणाराही घाईत असतो, आणि जे दिसले ते लिहून तो पुढचा फोटो हाती घेतो.

देशोदेशींच्या रुग्णालयांनी अशा चिठ्ठ्यांचे गठ्ठे काढून तपासले आहेत. त्यांत साधारण एकच चित्र दिसते. नाव आणि तपासायचा भाग हे रकाने बहुधा भरलेले असतात. रोगाची हकीकत, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, शेवटची पाळी, आधीचे फोटो, आणि डॉक्टरांचा फोन नंबर हे पुष्कळदा कोरे असतात. म्हणजे कारकुनाला जे लागते ते मिळते. वाचणाऱ्या तज्ज्ञाला जे लागते ते गळते. ब्रिटनमध्ये यासाठी २००० साली नियम झाले आणि २०१७ साली ते नव्याने केले गेले. किरणांचा उपयोग करावा की नाही हे ठरवता येईल इतकी माहिती चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टराने दिलीच पाहिजे, असे ते नियम सांगतात.

आपल्याकडे एका तपासणीच्या बाबतीत कायदा याहूनही कडक आहे, आणि त्याचे कारण फार दुःखद आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. सोनोग्राफीने गर्भाचे लिंग पाहून मुलीचा गर्भ पाडण्याचे पाप त्यामागे होते. त्याला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली कायदा केला. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या कायद्याप्रमाणे गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या वेळी "एफ" नावाचा नमुना भरावा लागतो. त्यात बाईचे नाव, वय, पत्ता, आधीची मुले किती, कोणत्या डॉक्टराने पाठवले, शेवटची पाळी कधी, आणि सोनोग्राफी कशासाठी, हे सारे लिहायचे. हा कागद दोन वर्षे जपून ठेवायचा. आणि यातली कमतरता किंवा चूक हीच कायद्याचा भंग समजली जाते. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्यावर. कागदातल्या उणिवेला एवढी शिक्षा कशाला, म्हणून डॉक्टरांची एक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने त्या तरतुदी कायम ठेवल्या. कोऱ्या रकान्याआड गुन्हा लपू शकतो, हे त्यामागचे तत्त्व. तेव्हा सोनोग्राफीच्या खोलीत इतके प्रश्न विचारले म्हणून कुणी रागावू नये. ते प्रश्न आपल्या लेकींसाठी आहेत.

तेथे कोऱ्या रकान्याआड गुन्हा लपतो, तर साध्या चिठ्ठीच्या कोऱ्या रकान्याआड रोग लपतो, एवढाच काय तो फरक.

मात्र सगळे रकाने भरले म्हणजे चिठ्ठी पुरी झाली, असेही नाही. त्रासाच्या रकान्यात "दुखते" एवढेच लिहिले तर रकाना भरला खरा, पण माहिती काही मिळाली नाही. संगणकावर रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशी सोय करतात. मग घाईतला माणूस तिथे एक टिंब देऊन पुढे जातो. म्हणून रुग्णालयांनी अधूनमधून शंभर चिठ्ठ्या काढाव्यात, कोणता रकाना कितींदा कोरा आहे आणि कितींदा निरुपयोगी आहे हे मोजावे, तो आकडा चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना नावे न घेता दाखवावा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. याला पैसा लागत नाही. शाळेत हजेरीपट जसा महिन्याच्या शेवटी मांडतो, तसेच हे.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूचीही आहे. कित्येकदा आपणच डॉक्टरांच्या मागे लागतो, "साहेब, एकदा सगळा स्कॅन करून टाका, मनाची खात्री होईल." डॉक्टरांना काय शोधायचे ते ठाऊक नसेल, तर चिठ्ठीत प्रश्न कोणता लिहिणार? ज्या तपासणीचा प्रश्नच चिठ्ठीवर लिहिता येत नाही, ती बहुधा लागतही नसते. पुरी चिठ्ठी अशा नको असलेल्या तपासण्यांनाही लगाम घालते. पैसा वाचतो, किरण वाचतात, आणि खरोखर गरज असलेल्याचा नंबर लवकर लागतो.

तर मग आपण काय करावे? चिठ्ठीवर आपल्या हाताने काही लिहू नये. तो डॉक्टरांचा कागद आहे. पण उठण्यापूर्वी ती एकदा वाचून घ्यावी, किंवा घरातल्या शिकलेल्या पोराला वाचायला सांगावी. नाव, वय बरोबर आहे ना? दुखते ती बाजू लिहिली आहे ना? नसेल तर नम्रपणे म्हणावे, "डॉक्टरसाहेब, डावा गुडघा, तेवढं लिहून द्या." पूर्वीची शस्त्रक्रिया, पूर्वीचा क्षय, शरीरातला धातू, औषधाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार, कामाचा प्रकार, आणि बायकांनी पाळी चुकली असल्यास तेही, हे न विचारता सांगावे. जुने फोटो आणि रिपोर्ट टाकून देऊ नयेत. धान्याच्या कोठीवर ओलीत पडलेला फोटो खराब होतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, सरळ, कोरड्या जागी ठेवावा, आणि दवाखान्यात जाताना न विसरता न्यावा. नाव बदलले असेल तर जुने नावही सांगावे.

शिक्षक मित्रांना माझी वेगळी विनंती आहे. एके काळी गावाची पत्रे वाचणे आणि लिहिणे हे काम शिक्षकाकडे होते. आता पत्रे राहिली नाहीत, पण हा कागद आहे. शाळेच्या मैदानावर मूल पडले तर त्याच्याबरोबर एक साधा कागद द्या. किती वाजता पडले, कशावरून पडले, हात टेकला की डोके आपटले, शुद्ध गेली होती काय, उलटी झाली काय, कुठे हात लावू देत नाही. डॉक्टर तेच चिठ्ठीवर उतरवतील. आणि वरच्या वर्गांतल्या मुलांना एखाद्या तासाला हे शिकवा, की आपल्या आजाराची हकीकत क्रमाने कशी सांगावी. कधी सुरू झाले, कुठे, कशाने वाढते, पूर्वी काय झाले होते. निबंधाचा याहून उपयोगी विषय मला तरी सुचत नाही. ही मुले घरी आजीआजोबांना घेऊन दवाखान्यात जाणार आहेत.

यंत्रे आणणे आपल्या हाती नाही. तालुक्याला एमआरआय यावा की नाही हे सरकार ठरवील, तज्ज्ञांची संख्या वाढायला वर्षे लागतील. पण असलेल्या यंत्राला नीट प्रश्न विचारला जावा, यासाठी लागते ती एक सरळ ओळ आणि ती लिहून मागण्याइतका धीर. तालुक्याला जायला एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते. अर्धवट चिठ्ठीमुळे तोच हेलपाटा पुन्हा पडू नये, आणि पडलाच तर तो उशीर झाल्यामुळे कुणाला महागात पडू नये, एवढ्यासाठी हा कागद खिशात घालण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावा, इतकेच माझे सांगणे आहे.